मुलुंडच्या गच्चीवरचा रॉड

हसू नका रे, पण माझा पहिला फ्लाय रॉड मी आमच्या मुलुंडच्या गच्चीवर निवडला. हिमाचलला ट्राउट मासे धरायला जायचं होतं. तिथे दरवर्षी जाणाऱ्या मंदारने मला दोन रॉड दिले, एक जाड आणि कडक, एक पातळ आणि लवचीक. म्हणाला, "यात आमिष नसतं. पिसांचा खोटा किडा असतो, तो दोरीने हवेतून भिरकावायचा. आत्ता गळाऐवजी नुसती लोकर बांध, दोन्ही फिरवून बघ. आवडेल तो ठेव."

जाड रॉडने दोरी माझ्याच मानेभोवती गुंडाळली. बाबा टाकीला टेकून बघत होते. लहानपण मालवणच्या किनाऱ्यावर गेलेलं, त्यामुळे मासे हा त्यांचा प्रांत. मी पातळ रॉड उचलला तर हसायलाच लागले. "ह्या काठयेन काय गावतला तुका?"

डोकं फिरलं माझं. हात मागे नेला, क्षणभर थांबलो आणि पुढे सोडला. आणि यार, दोरी अशी अलगद उलगडत गेली! लाल लोकर अजून हवेतच होती, तेवढ्यात वरून घार आली. लोकर पंजात धरली आणि सरळ वर! दोरीचं रीळ किंचाळायला लागलं, रॉड मुठीपर्यंत वाकला, आणि माझी दोरी आभाळात चढत होती. मग ही खायची वस्तू नाही हे घारीला कळलं असावं, तिने लोकर सोडली. दोरी सावकाश खाली येत राहिली.

बाबांनी चष्मा काढला. वर बघतच हळूच म्हणाले, "हीच घे. पण मगे पाण्याकडे कित्याक जातंस?"