हवालदाराचा बोकड

देव कसा तयार होतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. चहा येईस्तोवर सांगतो.

निजामाचं राज्य होतं, मी तहसिलीत नवा कारकून. महायुद्ध संपल्यावर एक हवालदार जळकोटला परतला. त्याच्या पलटणीत एक बोकड होता. कवायतीत सगळ्यांच्या पुढं चालायचा, गोरे साहेबसुद्धा त्याला सलाम ठोकायचे. तो लढाईत मेला. हवालदारानं त्याच्या नावाचा दगड रस्त्याकडेला उभा केला, वर मराठीत मजकूर कोरला. गावात वाचणारे थोडे, तेही उर्दू शाळेतले. आठवड्याभरात दगडाला शेंदूर लागला. महिन्यानं एक म्हातारा शेतकरी बोकड घेऊन नवस फेडायला आला. नेमके हवालदार आणि मी तिथंच उभे.

"मामा, ह्यो कापू नका. दगड बोकडाचाच हाय."

"मग त्याला लई आवडंल."

"आवो, त्याच्याच भावाला कापून त्यालाच खाऊ घालता?"

"नवस बोललोय, हवालदार. नातू तापातून उठलाय. मग देवाला देऊ काय?"

हवालदारानं दगडाशेजारच्या बाभळीकडं पाहिलं. मग म्हणाला, "ह्या देवाला बाभळीचा पाला लागतो. न्हाय पटत तर ह्या सरकारी माणसाला विचारा."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी गंभीरपणे मान डोलावली. नोकरीतली ती माझी पहिली खोटी साक्ष. बोकड वाचला.

तेव्हापासून तिथं पाला वाहतात. माणसं सणावाराला जातात, गावातल्या शेळ्या मात्र रोज. इतकी नियमित हजेरी मी आमच्या कचेरीतही कधी पाहिली नाही.