गाडीवरची नावं

मंडळी, रघुभाऊंच्या शोकसभेला सगळे आलात, बरं झालं. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. मला माइकवर बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

मी सुमन. पापडवाली. बाहेरगावचे पाहुणे आलेत म्हणून सांगते. आणि रघुभाऊ कोण, हे मी सांगायचं? त्यांच्या बेकरीचा टोस्ट चहात बुडवला नाही असा माणूस इथे नसेल. पण आपण या गल्लीतले सगळे खरे वाढलो ते त्यांच्या गाडीवर.

ती बाहेर उभी आहे. निळी, बुटकी मोटार, मागे पत्र्याचा डबा. भाऊंपेक्षा वयाने मोठी. आधी एका सोड्याच्या कारखान्याची होती. कारखाना बंद पडला आणि नव्वदच्या सुमारास भाऊंनी ती घेतली, टोस्टबरोबर गल्लीतल्या सगळ्यांचा माल गावोगाव न्यायला. मग त्यांनी नियमच केला. ज्याचा माल गाडीत चढेल, त्याचं नाव डब्यावर लिहायचं. नाव नाही तर माल नाही.

माझी वेळ आली तेव्हा बाबू पेंटर ब्रश घेऊन उभा. म्हणाला, काय लिहू? मी म्हटलं, ह्यांचं नाव लिहा. भाऊंनी विचारलं, "पापड कोण लाटतं?" म्हटलं, मी. "मग ह्यांचं कशाला? हे काय नुसते वाळत घालतात?" हे इथेच बसलेत, विचारा त्यांना. तेव्हाही असेच खाली बघून हसले होते. बाबूने लिहिलं, सुमन पापड. मंडळी, तोवर मी कुणाची तरी सून होते, कुणाची तरी आई होते. रेशनकार्डाबाहेर माझं नाव पहिल्यांदा निघालं ते त्या पत्र्यावर. कळवणला एक दुकानदार गाडी बघून म्हणाला, "सुमनबाई आल्या का?" मी मागे वळून बघितलं, ही कोण आली म्हणून.

पापड तुटू नयेत म्हणून मी मागे डब्यात बसायचे. थंडीतली सकाळ, टोस्टचा गरम वास, शेजारी अगरबत्तीची खोकी, इस्त्रीचे गठ्ठे. दाराला एक फट होती. त्या फटीतून रस्ता मागे मागे जायचा. झाडं जायची, द्राक्षाचे मांडव जायचे, एखादी बाई हंडा घेऊन उभी असायची, तीही जायची. मी बसल्या जागी होते आणि सगळा जिल्हा हळूहळू लांब सरकत होता. कधी निफाड, कधी कळवण, देवळा. उतरले की कळायचं नाही, झोपले होते की जागी होते. आजही दुपारी डोळा लागला की कॉट हलते. खरं सांगते, हलते.

गाडीवर असताना भाऊंना घाई कधी नव्हती. निळ्या रंगाखालून सोड्याची जुनी अक्षरं पुसटशी दिसायची. देवळ्याला एका म्हाताऱ्याने ती वाचली आणि हात केला, "भाऊ, सोडा शे का?" दुसरा असता तर हसून पुढे गेला असता. भाऊ म्हणाले, पुढच्या खेपेला आणतो. आणि नेला की हो. नाशिकहून चार बाटल्या, ओल्या पोत्यात गुंडाळून. मी म्हटलं, भाऊ, आपण सोडेवाले आहोत का? तर म्हणाले, "गाडीवर लिहिलंय ना, मग आहोत."

धंदे बुडाले, माणसं गाव सोडून गेली. अगरबत्तीवाल्या सीताबाई वारल्या. छत्रीवाला कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही. बाबूने एकदा विचारलं, ही नावं खोडू का? भाऊ म्हणाले, "ऊन खोडतंच आहे. आपण कशाला हात लावायचा?"

आता मुद्द्याचं बोलते. वहिनी, तुम्ही रागावू नका. प्रकाश, तू भाऊंचा मुलगा, गाडी तुझी. द्राक्षमळ्यातल्या त्या नव्या हॉटेलवाल्यांनी ती मागितलीय, हे सगळ्यांना माहीत आहे. फाटकाशी उभी करणार, लाल रंग देणार, पाहुणे फोटो काढणार. चकाचक होईल. पण लाल रंग एकदा बसला की खालचं काही राहणार नाही. मला त्याचं वाईट वाटतं. रात्रंदिवस वाटतं. देऊ नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही.

एवढंच मागते. भाऊंसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचंय ना, ते इथे फोटोपुढे नको. बाहेर चला. गाडीभोवती उभे राहू. ज्याने त्याने आपल्या नावावर हात ठेवा. ज्या नावांचं आता कुणी उरलं नाही, त्यांच्यावरही कुणीतरी ठेवा. सीताबाईंचं नाव खाली चाकाजवळ आहे, तिथे मी वाकेन.

प्रकाश, तू समोर उभा राहा, आणि बघ. मग हॉटेलवाल्यांना काय सांगायचं ते सांग.

भाऊ, नमस्कार करते. चला, मंडळी.