खिळ्यावर न आलेली रिंग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मालक मा. अभिनंदनशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती पिराजी मिस्त्री, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी विठाबाई वहिनी, आणि उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजवाल्या बंधूंनो,

मानपत्र आत्ताच वाचून झालं. कागद देखणा आहे, पण त्यात एक चूक आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

मी सातवी पास. आयटीआयचा दरवाजासुद्धा पाहिलेला नाही. इंजिन उघडून उघडून शिकलो. ऑइल फिल्टर बदलणं हे पोरखेळाचं काम, असं लोक म्हणतात. म्हणू द्यात. जुना फिल्टर काढला की त्याची रबर रिंग त्याच्यासोबत आली का, हे आधी बघायचं. कधी ती इंजिनलाच चिकटून राहते, आणि तिच्यावर नवी बसली की ऑइल गळतं. नव्या रिंगवर ताज्या ऑइलचं बोट फिरवायचं, रिंग टेकली की हातानं पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. जुनी रिंग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवल्याशिवाय नवा फिल्टर चढवायचा नाही, हा आमच्या गॅरेजातला नियम. केला कुणी? मीच.

अकरा वर्षांपूर्वी गडहिंग्लजच्या एका डॉक्टरांची गाडी आली. जुना फिल्टर मी काढला. तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली, म्हणून नवा फिल्टर पिराजीच्या हातात दिला. तो गाडीखालच्या खड्ड्यातून ओरडला, "कृष्णात, खिळ्यावर रिंग दिसंना की रं!"

"बघितलंय मी. चढव. मला शिकवतोस व्हय?"

बघितलं नव्हतं.

कागलच्या पुढं ऑइल सगळं रस्त्यावर सांडलं, इंजिन जाम झालं. गाडी ओढून आणली. फिल्टर काढला तर एकावर एक दोन रिंगा. शेठजींनी विचारलं, "बसवला कुणी?"

मी म्हणालो, "पिराजीनं."

ह्यात खोटं काय होतं? पिराजीनं माझ्याकडं पाहिलं. मग हात पुसत म्हणाला, "चुकलं माझं, शेठ."

दुसऱ्या दिवसापासून तो गाड्या धुवायच्या रॅम्पवर. आज दुपारपर्यंत तिथंच. त्या आधी आम्ही एका बाकावर डबा खायचो. वहिनींचा खर्डा अर्धा माझ्या वाटणीचा असायचा. नंतर त्यानं कधी बोलावलं नाही, मीही रॅम्पची वीस पावलं चाललो नाही. बाकावर मी एकटाच जेवतो. आता तर रॅम्पकडं बघूनही उपयोग नाही.

तर ती चूक. मानपत्रात 'गाडी धुलाई विभागातील प्रामाणिक कर्मचारी' असं छापलंय. शेठजी, हात जोडून विनंती, कागद पुन्हा छापा. 'इंजिन मिस्त्री' लिहा. ती रिंग मी सोडली होती.

मला बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. बोलताना कुणाला काही लागलं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. न बोलल्याची माफी मात्र सभागृहाकडं मागता येत नाही, ती पिराजीकडंच.

पिराजी, खाली पंगत मांडलीय. माझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवतो. न्हाई बसलास तरी चालंल. मला सवय हाय.