चौथ्या चौकटीवरचा शेला

गोपीनाथ : ...चौथीच. बारा दिवसांत जितक्या वेळा बिघडली, तितक्या वेळा चौथ्या चौकटीत बिघडली. सरका बाजूला, मंदाकिनीबाई. तारा कापून नव्यानं ओवायला द्यायची ती आता.

मंदाकिनी : आधी ती कात्री खाली ठेवा, गोपीनाथराव.

गोपीनाथ : इथला इंजिनिअर मी आहे.

मंदाकिनी : आहात की. पण त्या चौकटीत मोहरीएवढ्या एक हजार चोवीस चुंबकी कड्या आहेत, आणि एकेकीतून चार-चार तारा मी या बोटांनी ओवल्यात. पावणेदोन महिने लागले. तुम्हाला कापायला पाच मिनिटंही लागायची नाहीत.

गोपीनाथ : पावणेदोन महिने लागले म्हणजे काम बरोबर झालं, असं नसतं. चारला मुंबईचे लोक यंत्र पारखून घ्यायला येतायत. आपल्या मालकांनी, महिपतरावांनी त्यांना लिहून दिलंय, ही कॉम्प्युटरची मेमरी सेकंदाला पन्नास हजार वेळा वाचेल, लिहील, सलग तासभर, एकही चूक न करता. पंचवीस हजारांवर ठेवली तर दिवसभर गुमान चालते. पन्नासवर नेली की विसाव्या मिनिटाला तुमची चौकट एकाचा शून्य करून ठेवते.

मंदाकिनी : चालते तेव्हा 'आपली' असते. चुकली की 'तुमची'.

गोपीनाथ : शब्दांत अडकवू नका मला. चिठ्ठी लिहून झालीय माझी. हवी तर वाचा. 'ओवणी सदोष. सौ. मंदाकिनी यांना कामावरून कमी करावे.' महिपतराव आले की त्यांच्या हातात देणार.

मंदाकिनी : कारण काय लिहिलंत?

गोपीनाथ : कारण सगळ्या डोंबिवलीला माहीत आहे. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी. आणि दसऱ्यापासून तर मीठही सोडलंय. अळणी खाऊन हात थरथरतात माणसाचे.

शेवंती : सायब, बायचा हात थरथरतंय? परवा तुमी सुईत दोरा ओवत व्हतात, शर्टाचं बटण लावायला. चार वेला चुकलात. बायनी एकदाच ओवला न तुमच्या हातान दिला.

गोपीनाथ : तुला झाडायला ठेवलंय, शेवंती. साक्ष द्यायला नाही.

शेवंती : झारतंय नं मी. तोंडानी कुठं झारतंय.

मंदाकिनी : शेवंती, गप्प राहा जरा. गोपीनाथराव, चौथी चौकट मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुरी केली. मीठ सोडलं दसऱ्याच्या पूजेनंतर. अळणी हातानं मी तिला शिवलेलीच नाही.

गोपीनाथ : मग नुसतं चुकलात म्हणू. उपासाचं सोडा.

मंदाकिनी : येवल्याच्या विणकराची मुलगी आहे मी. धागा चुकला तर बोटाला कळतं. तुम्ही एक करा. कपाटाच्या वरच्या कप्प्यातली चौथी चौकट काढून सगळ्यांत खालच्या कप्प्यात पहिलीच्या जागी लावा आणि पहिली तिच्या जागी. मग पन्नासवर चालवा. खोट माझ्या ओवणीत असेल तर ती चौकटीबरोबर खाली जाईल.

गोपीनाथ : मला चाचणी शिकवताय?

मंदाकिनी : हे आठ दिवसांपूर्वीही म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, विणकाम वेगळं, विजेचं काम वेगळं.

गोपीनाथ : आजही तेच म्हणतो.

मंदाकिनी : म्हणा. पण बदलून बघा. आत्ता साडेअकरा झालेत. खोट माझ्या चौकटीबरोबर गेली तर तुमची चिठ्ठी मीच नेऊन देईन महिपतरावांना. मुंबईच्या लोकांसमोर देईन.

गोपीनाथ : शेवंती ऐकतेय हं.

शेवंती : ऐकतंय. दोगांचा पन ऐकतंय.

(चौकटींची अदलाबदल होते. यंत्र पूर्ण वेगात सुरू. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं होतात.)

मंदाकिनी : लाल दिवा लागला. कुठल्या कप्प्याचा?

गोपीनाथ : ...चौथ्या.

मंदाकिनी : आणि चौथ्या कप्प्यात आत्ता कोण आहे?

गोपीनाथ : पहिली चौकट. दिसतंय मला.

मंदाकिनी : माझी खाली पहिल्याच्या जागी बसलीय. तिचा दिवा?

गोपीनाथ : हिरवा. बास झालं. खोट चौकटीत नाही, कप्प्यात आहे. कप्प्याच्या जोडण्या तपासतो.

मंदाकिनी : त्या जोडण्या तुम्ही केल्यात ना?

गोपीनाथ : टोमणे नंतर मारा. शेवंती, तू कपाटाला काय हात लावतेस?

शेवंती : पुसतंय. सायब, इकरं हात लावा. वरती. तव्यागत तापलाय. भाकर टाकली तं फुगंल.

गोपीनाथ : कपाट तापणारच. आत दिवे आहेत, करंट आहे. म्हणून तर मागच्या बाजूला जाळी ठेवलीय, गरम हवा निघून जायला.

शेवंती : कंची जाली?

गोपीनाथ : मागची गं. वरच्या कप्प्याच्या मागे, हातभर रुंद...

शेवंती : तिकरं तं बायचा शेला हाय.

मंदाकिनी : अगं बाई, जाळीवर?

गोपीनाथ : कुठवर आलाय तो?

शेवंती : वरशी खालपरयंत. दसऱ्याला बायनी घातला, तवापासना. झेंडूची माल सुकली, ती मी काढली. शेल्याला हात नाय लावला, बायचा नवस हाय म्हनून.

गोपीनाथ : कसला नवस?

मंदाकिनी : पूजेच्या वेळी बोलले होते मी. यंत्र पूर्ण वेगानं तासभर चालेपर्यंत मीठ खाणार नाही, आणि वडिलांच्या मागावरचा शेला देवाच्या नावानं त्याच्यावर राहील. तोवर उतरवणार नाही.

गोपीनाथ : म्हणजे शेला आहे म्हणून ते चालत नाही, आणि ते चालत नाही म्हणून शेला आहे. शाबास. बारा दिवस मी त्या कपाटासमोर डोकं फोडून घेतोय आणि तुम्ही त्याला गोधडी पांघरून बसलायत.

मंदाकिनी : तुम्ही पूजेला समोरच होतात.

गोपीनाथ : मी नारळ फोडून बाहेर गेलो.

मंदाकिनी : आणि दुसऱ्या दिवशी म्हणालात, राहू दे, मागचा तारांचा पसारा झाकला जातो, पाहुण्यांना बरा दिसेल. जाळी कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं.

गोपीनाथ : ...म्हणालो होतो.

मंदाकिनी : मला एक सांगा. गरम झाली की ती चुकते का?

गोपीनाथ : कडी तापली की हलकी होते. थंडीत जेवढ्या करंटला ती उलटते, त्याच्या कितीतरी कमी करंटला मग उलटायला लागते. बोलावलेली एक असते, शेजारची उगाचच उलटते. वेग दुप्पट केला की जास्त तापते. वरचा कप्पा सगळ्यांत जास्त.

मंदाकिनी : आणि ती चुकली की तुम्ही काय करत होतात? तो वरचा खटका रोज उजवीकडे सरकवत होतात, तो कशाचा?

गोपीनाथ : करंटचा. वाढवत होतो. मला वाटलं, तारेला जोर कमी पडतोय.

मंदाकिनी : हलक्या झालेल्या कड्यांना आणखी जोर.

गोपीनाथ : समजलं मला. पुन्हा उगाळू नका. शेला काढा.

मंदाकिनी : तुम्ही काढा.

गोपीनाथ : मी नाही काढणार. उद्या म्हणाल, गोपीनाथनं माझा नवस मोडला, म्हणून अमकं झालं नि तमकं झालं. नवस तुमचा, शेला तुमचा. लवकर ठरवा काय ते. कपाट थंड व्हायला तास जाईल, चाचणीला तास. चारला लोक येतील.

शेवंती : बाय, मी काढू? मी तं काय बोललेली नाय देवाला.

मंदाकिनी : नको. ज्यानं घातला त्यानं काढायचा. जरा थांबा... देवा, मी मूर्खासारखं मागितलं. तू ऐकलं नाहीस, ते बरंच केलंस. घे शेवंती, हे टोक सोड तिकडून. हळू. जर आहे, जाळीला अडकेल.

शेवंती : जल्ला, केवरी वाफ आली बाहेर.

गोपीनाथ : पंखा इकडे वळव. खटका मी पहिल्या खुणेवर आणतोय. दीडला सुरू करू.

(दीड वाजता यंत्र पुन्हा पूर्ण वेगात सुरू. तास सरत येतो.)

शेवंती : सायब, अडीच वाजले. बगा की. किती वेल निसता घड्यालाकरं बगतंव.

गोपीनाथ : दोन एकोणतीस. ...तीस. तास झाला. पन्नास हजारांवर. चारही कप्पे हिरवे.

शेवंती : लाल एकदा पन नाय?

गोपीनाथ : एकदाही नाही. चिठ्ठी आणा बाई ती, फाडून टाकतो.

मंदाकिनी : फाडू नका. खोडा. 'ओवणी सदोष' खोडून लिहा, कपाटाची जाळी झाकलेली होती, झाकणारी मंदाकिनी.

गोपीनाथ : वेड लागलंय का? महिपतराव तुम्हाला आजच्या आज काढतील.

मंदाकिनी : काढू देत. मघाशी तुम्ही काढतच होतात, ते मी न केलेल्या चुकीसाठी. हे निदान केलेल्या चुकीसाठी असेल. आणि त्याखाली दुसरी ओळ लिहा.

गोपीनाथ : कुठली?

मंदाकिनी : करंट कुणी वाढवला, ती. आणि शेला राहू दे कोण म्हणालं, ती.

गोपीनाथ : मुंबईच्या लोकांसमोर?

मंदाकिनी : माझी चिठ्ठी त्यांच्यासमोर द्यायची ठरली होती ना?

गोपीनाथ : ...लेखणी द्या इकडे. फार छळवादी बाई आहात तुम्ही.

शेवंती : बाय, हा घे. माजे सासऱ्याचे मिठागरावरचा मीठ हाय, दसऱ्यापासना पदरान बांधून फिरतंय तुज्यासाठी. आता तरी खा.

मंदाकिनी : आज नको गं. आधी शेला उतरला, मग मेमरी चालली. नवस फिटला नाही, मोडला. बारा दिवस माझ्यामुळे वाया गेले, आणखी बारा दिवस अळणीच खाईन.

गोपीनाथ : हे कुठलं शास्त्र?

मंदाकिनी : माझं.

गोपीनाथ : निम्मे दिवस माझ्यामुळे वाया गेले. शेवंती, माझ्या डब्यातलं लोणचं काढून तू घे. आमटीही घे. मीही सहा दिवस अळणीच खाईन. आणि बाई, यावरून माझा देवावर विश्वास बसला असं कुणाला सांगत सुटू नका.

मंदाकिनी : नाही सांगत. लिहून झालं असेल तर शेल्याचं ते टोक धरा. पाहुणे यायच्या आत घडी घालायचीय.