फॉर्मवरचं ‘नाही’

दाढ काढायला आलेल्या शिवणक्लासच्या बाईंनी फॉर्मवर ‘आधीचे मोठे आजार’ यापुढे ‘नाही’ लिहून दिलं आणि बाकावर टेकल्या. शेजारी एक वयस्क जोडपं बोलत होतं.

“अहो, कॅन्सर जाऊन नऊ वर्षं झाली. मग जबड्याचं हाड आत्ता कसं मेलं?”

“तेव्हाच्या रेडिएशनमुळे म्हणे. दाढ काढली, ती जखम भरेचना.”

“मग काढायच्या आधी सांगायचं ना डॉक्टरांना!”

“त्यांनी विचारलं, काही आजार? मी म्हटलं, नाही. बरा झालो होतो ना गं?”

“आणि आता बंद खोलीत बसून रोज ऑक्सिजन? श्वास तर ठणठणीत चालतोय तुमचा!”

“हाडाला हवाय म्हणे.”

“हाडाला?”

“मला तरी कुठं कळतंय!”

बाई उठून काउंटरपाशी गेल्या.

“बाळा, माझा तो फॉर्म जरा परत दे.”