साळू जुंपलेली

जिवा : अजून कितींदा दाबणार ते बटण? साळूनं एव्हाना लाथ घातली असती तुला.

कान्हा : जिवादा, जरा गप बस. नुसतं टक म्हणतं आन् मरतं. इंजिन फिरतच नाय.

(जव्हारच्या राजवाड्यामागचा मोटारखाना, दसऱ्यानंतरची सकाळ. कान्हा राजवाड्यातल्या मामीसाहेबांची मोटार हाकतो. त्याच्या बायकोचा थोरला भाऊ जिवा त्यांची बग्गी हाकायचा, साळू ही त्या बग्गीची घोडी. मोटार आल्यापासून बग्गी फाटकाबाहेर पडलेली नाही. आज जिवा दाराला टेकून उभा आहे आणि खूप दिवसांनी त्याला हसू येतं आहे.)

जिवा : नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय! माझी घोडी कधी टक म्हणाली नाय.

कान्हा : इंजिन अडकलंय का बघायला पायजे. हँडल मार एकदा.

जिवा : मी? मी लगाम धरणारा माणूस.

कान्हा : मामीसाहेबांना मोखाड्याला निघायचंय. मोटार हलली नाय तर माझी टोपी जाईल. त्या टोपीवर तुझी बहीण जेवते, दादा.

जिवा : बहिणीचं नाव बरं आठवतं तुला! आण इकडं. ...हे बघ, फिरतंय. अडलंबिडलं काय नाय.

कान्हा : मग इंजिन चांगलं हाय. पेट घेत नाय, कारण ठिणगीला जोर बॅटरीचाच लागतो. आता मी दिवा लावतो, तू पुढून बघ.

जिवा : लागला.

कान्हा : आता बटण दाबतो.

जिवा : विझला. ...सोडलंस का? परत आला बघ.

कान्हा : म्हणजे बॅटरीत जीव हाय, पण वाट कुठंतरी अडली हाय. दिव्यापुरता झिरपतो, इंजिन ओढायला पुरत नाय. जिवादा, एक विचारू?

जिवा : विचार.

कान्हा : मघाशी पाणी आणायला तबेल्यामागं गेलो. साळू बग्गीला जुंपून उभी. मोटार बसणार, हे तुला आधीच कसं कळलं?

जिवा : उचलली जीभ, लावली टाळ्याला!

कान्हा : ह्या खोलीत तू, मी आन् तुझी बहीण गौरा, चौथं कोण येत नाय. आन् तू मला पाण्यात पाहतोस.

जिवा : पाहतो! जा, सांग सगळ्या जव्हारला! तुला तबेल्यात आणला कोणी? लगाम हातात दिला कोणी? मोटार शिकायला माणूस निवडत होते, तवा मी साळूचा खूर मांडीवर घेऊन नाल बसवत होतो. अर्धा ठोकलेला नाल सोडून कसा उठू? तू गेलास पुढं. आयत्या बिळावर नागोबा! मामीसाहेब घाटात मला म्हणायच्या, जिवा, सावकाश रे. आता तुला म्हणतात. तेवढं माझ्यानं सोसवत नाय. पण तुझ्या मोटारीला हात? तिच्या तेलाचा वासपण मला नको.

गौरा : काय रे दोघं! विहिरीपर्यंत ऐकू येतंय. दादा, तू कशाला लाल झालास?

जिवा : तुझ्या नवऱ्याला विचार. त्याची मोटार मी मारली म्हणे.

गौरा : मोटार चालत नाय? असं कसं होईल? मी काल तिच्या देवाला शेंदूर लावला.

कान्हा : कुठल्या देवाला?

गौरा : सीटखालच्या पेटीतल्या. तूच म्हणालास ना, सगळी ताकद ह्या दोन खुंट्यांत हाय? बिचाऱ्या उघड्याच होत्या. वाघोबाला लावतो तसा तेलात कालवून चांगला जाड थापला. दादानं साळूचं कपाळ भरलंन, मग माझ्या नवऱ्याच्या मोटारीनं का मागं राहायचं?

कान्हा : अगं, आन् मी त्याच्यावरच तारा आवळल्या! नवमीला हत्यार विसाव्याला ठेवतात, म्हणून मीच तारा सोडल्या होत्या. पहाटे अंधारात हातानं चाचपून परत बसवल्या. जिवादा, चिंधी दे. चाकूपण दे.

जिवा : घे. नीट खरवड. शेंदूर तो, सहज सुटत नाय.

गौरा : देव कोपेल का रे?

जिवा : देवाचं नंतर बघू. मामीसाहेब आधी कोपतील.

कान्हा : सरक बाजूला. दाबतो.

गौरा : अगं बाई! केवढ्यानं गुरगुरली!

कान्हा : जिवादा... मी नाय नाय ते बोललो.

जिवा : बोललास. आन् मोटार बसली तवा मला बरं वाटलं, तेपण खरं. खोटं कशाला बोलू? जा आता. मामीसाहेब पायरीवर आल्या असतील.

कान्हा : जातो. पण एक सांग. तुला ठाऊक नव्हतं, तर आज साळूला जुंपलंस कशाला?

जिवा : आजच कुठं?

गौरा : म्हंजे?

जिवा : रोज जुंपतो. मोटार वळणापलीकडं गेली, आवाज ऐकू यायचा थांबला, की सोडतो.