माझ्यामागून धावलेली वाडी

अख्खी वाडी एकदा माझ्यामागून धावत सुटली होती, सांगितलं तर खोटं वाटेल तुम्हाला!

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. पोलीस भरतीत मी धावण्यात नापास झालो होतो. पुन्हा भरती होती, म्हणून ठरवलं, महिनाभर रोज मालवणच्या वाळूतून खाडीपर्यंत धावायचं. लोक हसतील म्हणून अंधारातच निघायचो. मध्ये ताप आला, पायात शिंपला घुसला, तरी लंगडत धावलोच.

शेवटच्या दिवशी उठायला उशीर झाला. चांगलं उजाडलं होतं. अर्ध्या वाटेत दम संपला. आता बसणार, तेवढ्यात मागून आरडाओरडा! वळून बघतो तर वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन धावत येतायत! पुढे आमची शेजारीण, मासे विकणारी आनंदीकाकी.

"थांबू नको रे! रापण खंय लागली?"

आमच्याकडे किनाऱ्यावर कोणी जीव खाऊन धावला, की समजायचं, रापणीच्या जाळ्यात मासळी आली. उगाच कोण धावतो हो? आता थांबतो कसला! धावत खाडी गाठली, आणि काय सांगू, तिथे खरंच रापणीत बांगडाच बांगडा! धापा टाकत मी काकीला माझ्या महिन्याची सगळी हकीकत सांगितली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर धडाधड थापा. दारात टोपली घेऊन काकी.

"ऊठ रे मेल्या, धाव!"

"काकी, माझो महिनो काल संपलो."

"तुझो महिनो संपलो. मासळी खंय संपली? धाव!"